धानाच्या जिल्ह्यातला वजनकाटा

जुलै महिन्यात गोंदिया जिल्ह्यात पहाटे दोन प्रकारची माणसे घराबाहेर पडतात. आमगाव, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे धानाची रोपे लावणाऱ्या रोवणीच्या बाया डबा घेऊन बांधीकडे निघतात आणि गोंदिया शहरात पायांत बूट चढवून काही जण बागेत फेऱ्या मारायला निघतात. पहिल्यांना वजन कमी करायचे नसते. दुसऱ्यांना तेवढेच करायचे असते. या दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांची, त्यातही चाळिशी ओलांडलेल्या बायकांची, तक्रार एकच असते. रात्रीचा भात सोडला, साखर सोडली, चालणे चुकवले नाही. सुरुवातीला काटा उतरला आणि मग जो अडला तो अडलाच.

या तक्रारीला घरातून मिळणारे उत्तर ठरलेले असते. तोंडावर ताबा नसेल. चोरून काही खात असशील. चालतेस की नुसत्या गप्पा मारतेस? दवाखान्यात गर्दी असली की तिथेही एका वाक्यावर काम भागते. गुडघे दुखतात, वजन कमी करा. धाप लागते, वजन कमी करा. पाळी अनियमित आहे, वजन कमी करा. कसे करायचे, किती करायचे आणि नाही झाले तर पुढे काय, हे सांगायला कुणापाशी वेळ नसतो. वजन न उतरणे हा असा स्वभावाचा दोष ठरतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांतले संशोधन मात्र या निकालाच्या बाजूने उभे राहत नाही.

आधी हिशोबाची चूक पाहू. १९५८ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी मांडले की एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी. किलोच्या भाषेत ७,७०० च्या आसपास. तेव्हापासून हा आकडा आहाराच्या तक्त्यांत आणि जिमच्या भिंतींवर मुक्कामाला आला. रोज २०० कॅलरी कमी खा, वर्षात साडेनऊ किलो उतरतील, असे त्यावरून कुणीही सांगू शकतो. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हा हिशोब दुरुस्त केला. वजन उतरू लागले की शरीराचा खर्चही उतरतो, हे त्यांनी गणितात धरले. त्यांचा ढोबळ नियम असा: रोजच्या खाण्यातून कायमच्या २४ कॅलरी कमी केल्या तर वजन शेवटी सरासरी एक किलोने उतरते, त्यातला अर्धा किलो उतरायला वर्ष लागते आणि जवळपास सगळा उतरायला तीन वर्षे. म्हणजे २०० कॅलरी कमी करणाऱ्या माणसाचे पहिल्या वर्षी साडेनऊ नाही, चारेक किलो उतरतात. महिन्याला साडेतीनशे ग्रॅम.

साडेतीनशे ग्रॅम घरच्या काट्यावर दिसतच नाहीत. आदल्या रात्री लोणचे-पापड जास्त झाले, पाळीचे दिवस जवळ आले, पोट साफ झाले नाही, तरी काटा एक किलोने इकडेतिकडे होतो. शिवाय पहिल्या आठवड्यातली आनंदाची घट फसवी असते. शरीर पिठूळ अन्नातली साखर ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात आणि स्नायूंत साठवते, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. भात एकदम तोडला की हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जाते. पहिले दीड-दोन किलो असे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘काटा अडला’ असे वाटते तेव्हा खरे तर चरबी हळूहळू उतरत असते, आणि नेमके तेव्हाच बहुतेक जण हात टेकतात.

पुढची अडचण जास्त खोल आहे. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लायबेल, मायकेल रोझेनबाउम आणि ज्यूल्स हर्श यांनी दाखवले की माणसाने दहा टक्के वजन उतरवले की त्याचे शरीर अपेक्षेपेक्षाही कमी ऊर्जा खर्चू लागते. म्हणजे मुळातच ७० किलोची असलेली बाई आणि ७८ वरून ७० वर आलेली बाई यांची गरज सारखी राहत नाही. दुसरीला कमी अन्नात भागवावे लागते. मेलबर्नमध्ये ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्ष उलटल्यावरही भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि पोट भरल्याचे कळवणारी उतरलेलीच सापडली. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांनी गमावलेले बरेचसे वजन परत आले होते आणि विश्रांतीतला त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. भूक वाढते आणि खर्च घटतो, दोन्ही एकाच वेळी. त्याविरुद्ध वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या माणसाला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

मग चालणे? रोवणीच्या बाया सडपातळ असतात त्या श्रमांमुळे, असे सगळ्यांनाच वाटते. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावण्याइतके कष्ट दुसऱ्या कुठल्या कामात क्वचितच असतील. पण २०१२ मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला, आणि शरीराच्या आकाराचा हिशोब धरल्यावर तो शहरी अमेरिकन माणसाच्या खर्चाइतकाच निघाला. शरीर एकीकडे जास्त खर्च झाला की दुसरीकडे हात आखडते, असा पाँट्झर यांचा निष्कर्ष आहे. त्यावर वाद चालू आहे, तरी एवढे बहुतेक तज्ज्ञ मानतात की व्यायामाने वजन उतरते ते अपेक्षेपेक्षा थोडेच. रोवणीची बाई सडपातळ असते यामागे तिच्या ताटात काय आणि किती येते, हे तिच्या श्रमांइतकेच, कदाचित जास्तच, मोठे कारण आहे. त्या सडपातळपणाचे कौतुक करताना जरा थांबावे, कारण त्यात अर्धपोटीपणाही मिसळलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले आणि २०.८ टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा कमी. दोन्ही बाया एकाच राज्यात आणि कैकदा एकाच गल्लीत राहतात.

इथे दुसरी बाजूही सरळ सांगायला हवी, नाहीतर हा सगळा दिलासा खोटा ठरेल. १९९२ मध्ये स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी ‘आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा जणांचे खाणे आणि खर्च शास्त्रीय पद्धतीने मोजले. त्यांची चयापचय क्रिया व्यवस्थित होती. पण ते खाण्याची नोंद प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्के कमी करत होते आणि हालचालीची ५१ टक्के जास्त. ती माणसे खोटारडी नव्हती. स्वतःचे खाणे डोळ्यांनी मोजणे कुणालाच जमत नाही, आहारतज्ज्ञांनाही नाही.

विदर्भात तर ही चूक सहज होते, कारण आपण धान्य मोजतो आणि तेल मोजत नाही. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. सत्तर किलोचे माणूस पाऊण तास झपाझप चालले तर ढोबळमानाने दोनशे कॅलरी जास्तीच्या जळतात. पोह्यांवर घेतलेली तर्री किंवा पाटवडीच्या रश्शावर तरंगणारा थर त्या चालण्याची परतफेड दोन चमच्यांत करतो. भाताची मूद अर्धी केलेली लक्षात राहते. ती गिळायला रस्सा दुप्पट घेतला, हे राहत नाही. सणाच्या दिवसाचे, पाहुण्यांसोबतच्या चहाचे, मुलांच्या ताटात उरलेले घास हिशोबात येत नाहीत. घरातल्या बाईने टाकून द्यायचे नाही म्हणून उरलेले आपल्या पोटात ढकलायचे, ही सवय तिला कुणी लावली, हा प्रश्नही याच हिशोबात मोडतो.

मात्र या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न असा की काटा मुळात योग्य गोष्ट मोजतो का. त्याचे सर्वांत चांगले उत्तर महाराष्ट्रातूनच आले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. डोके, उंची, स्नायू, पोटातले अवयव सगळे लहान. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारे, पण आतून चरबी धरून असलेले बाळ. याज्ञिकांनी यालाच ‘थिन-फॅट’ बाळ म्हटले. २००४ मध्ये त्यांनी लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा होता, २२.३. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. निर्देशांकाच्या दृष्टीने दोघे एकच होते.

याज्ञिकांच्या मांडणीनुसार या बाळांचे पुढचे आयुष्य आईच्या पोटातच वळण घेते. आई लहानखुरी, तिच्या ताटात प्रथिने आणि जीवनसत्त्वे कमी, अंगावर कामाचा बोजा. गर्भ मग टंचाईच्या बेताने वाढतो; स्नायूंवर काटकसर करतो आणि धानाच्या कोठीसारखा चरबीचा साठा तेवढा सांभाळतो. टंचाई टळली आणि अन्न मुबलक झाले की हेच शरीर मधुमेहाकडे लवकर झुकते. हा अभ्यास पुण्याजवळचा आहे. पण लहानखुरी आई, भाताने भरलेले ताट आणि रोवणीपर्यंत न सुटणारे काम हे वर्णन गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या कुठल्याही खेड्याला लागू पडते. बारीक दिसूनही चरबी धरून ठेवणाऱ्या अशा शरीरांमुळेच भारतीयांसाठी निर्देशांकाची धोक्याची रेषा खाली आणली गेली: २५ ऐवजी २३ पासूनच वजन जास्त मानतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर गाठली की सावध व्हायला सांगतात.

आता भाताचे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानावर आणि राइस मिलवर जगतो, आणि वजन कमी करायला निघालेल्या प्रत्येकाला पहिला सल्ला मिळतो तो भात सोडण्याचा. तो सल्ला इथे निभत नाही. महिना-दोन महिने पोळीवर काढता येतात, मग माणूस परत भाताकडे येतो आणि सोबत अपराधीपणा घेऊन येतो. शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिने आठ ग्रॅमच्या आत. भातात विष नाही. ताटात भाताशिवाय दुसरे काही पुरेसे नाही, ही खरी अडचण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी मधुमेह पाहणीतल्या आहाराच्या नोंदींनुसार भारतीयांच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिठूळ आणि गोड पदार्थांतून येतात आणि प्रथिनांचा वाटा फार कमी पडतो. रेशनची व्यवस्थाही त्याच बाजूला झुकलेली आहे. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. भुकेविरुद्ध ही फार मोठी गोष्ट आहे, तिच्याकडे नाक मुरडणे चूक ठरेल. पण डाळ, अंडी, दूध खिशातून आणावे लागते. फुकट तांदूळ आणि महाग डाळ अशा घरात ‘प्रथिने वाढवा’ हा सल्ला नुसता कागदावर उरतो. याच जिल्ह्यात मालगुजारी तलावांची मासळी आहे, धानानंतर त्याच बांधीत येणारे हरभरा आणि जवस आहेत. आहाराचा तक्ता इथल्या ताटापासून सुरू झाला तर तो टिकण्याची शक्यता तरी असते.

तक्त्यांवरून महाराष्ट्रात मोठे वादळ येऊन गेले. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार दोनच वेळा जेवण्याचा आग्रह धरत. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. त्यांची कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी नेली. भुकेच्या दोन वेळा ओळखा, पंचावन्न मिनिटांत जेवा, मध्ये काही खाऊ नका, पाऊण तासात साडेचार किलोमीटर चाला. समोर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर होत्या: थोडे थोडे वारंवार खा, भात-तूप सोडू नका, आपल्या मातीतले खा. वर्तमानपत्रांत, लग्नांच्या पंगतीत, कार्यालयांत दोन पक्ष पडले आणि दोन्हीकडे वजन उतरलेली माणसे पुरावा म्हणून उभी राहिली. दोन्ही बाजूंची माणसे खरे सांगत होती. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर दिला. एका गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६, आणि हा फरक नगण्य ठरला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट सरासरीत नाही. दोन्ही गटांत कुणी तीसेक किलो उतरवले, तर कुणाचे वजन उलट वाढले. २०२२ मधल्या चीनमधल्या १३९ जणांच्या चाचणीत आठ तासांच्या आत जेवणाऱ्यांचे ८ किलो गेले आणि वेळेचे बंधन नसलेल्यांचे ६.३, कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या, फरक सिद्ध झाला नाही. शेजारणीला लागू पडलेला आहार आपल्याला लागू पडला नाही, यात कमीपणा कसला? १९९० मध्ये कॅनडात क्लोद बुशार यांनी जुळ्या भावांच्या जोड्यांना सारखेच जास्तीचे जेवण दिले, तेव्हा कुणाचे चार किलो वाढले आणि कुणाचे तेरा. जुळ्या भावांचे मात्र बरेचसे एकमेकांसारखे वाढले.

जे काट्यावर दिसत नाही ते कुठे दिसते, याचा पुरावा चेन्नईत आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध चाचणीत साखर सीमारेषेवर असलेले ५३१ जण होते. ज्यांनी आहार सुधारला आणि चालणे धरले त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या लोकांचे वजन मात्र म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते. घरच्या काट्यावर विश्वास ठेवला असता तर प्रत्येकाने ‘काही उपयोग नाही’ म्हणून चालणे सोडले असते, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना मधुमेह झाला असता. व्यायामाने पोटातली, अवयवांभोवतीची चरबी कमी होते, स्नायू साखर जास्त ओढून घेतात, रक्तदाब उतरतो. किलोचा आकडा जागच्या जागी असतानाही.

काही कारणे तपासून बाजूला काढावी लागतात. थायरॉइड कमी असले तर दोन-चार किलो वाढतात, त्यातही पाणी बरेच. वीस किलोंचे खापर त्यावर फोडता येत नाही. स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसिक आजारांवरची औषधे वजन वाढवतात आणि ती लिहून देताना हे सांगितलेच जाते असे नाही. झोपेकडे तर कुणी पाहतच नाही. शिकागोमधल्या २०१० च्या एका छोट्या प्रयोगात तेवढाच कमी आहार घेणाऱ्यांना साडेआठऐवजी साडेपाच तास झोपायला दिले. वजन सारखेच उतरले, पण त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून जास्त घटला आणि स्नायू झिजले. तिरोड्याच्या वीज केंद्रात, राइस मिलमध्ये, रेल्वेत रात्रपाळी करणाऱ्यांना आहाराचा तक्ता देण्याआधी कुणीतरी ते झोपतात कधी, हे विचारायला हवे.

२०२५ मध्ये तिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनाची इंजेक्शने भारतात विकायला आली. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले. भूक आवरणाऱ्या संप्रेरकासारखे औषध बाहेरून दिले की तीच माणसे सहज कमी खातात, थांबवले की पुन्हा जास्त खातात. मधल्या काळात त्यांच्या चारित्र्यात काही बदल झालेला नसतो. खर्च आणि आयुष्यभराची गरज पाहता ही औषधे रोवणीच्या गावात सध्या तरी पोचण्यासारखी नाहीत.

पोचलेली आहे ती मोजपट्टी. तिशीवरच्या प्रत्येक माणसाचा असंसर्गजन्य आजारांसाठीचा तपासणी फॉर्म गावातली आशा कार्यकर्ती भरते, त्यात तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला मधुमेह यांच्यासोबत कंबरेचे माप विचारलेले असते, आणि गुण चारच्या वर गेले की तपासणीला पाठवायचे असते. देवरी असो की सडक अर्जुनी, हा कागद सगळीकडे जातो. एकदा मोजून कागद फायलीत ठेवण्याऐवजी तीच कंबर तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजली, सोबत रक्तदाब आणि साखर पाहिली, खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येते हे विचारले, तर चालत राहिलेल्या बाईला आपल्या कष्टांचे खरे मोजमाप पहिल्यांदा हाती येईल. तिचे ७२ किलो ७२ च राहिले असतील आणि कंबर चार सेंटिमीटर उतरली असेल. हे तिला सांगणारे कुणीतरी हवे, आणि ते सांगायला आशाताईला प्रशिक्षणाचा एक दिवस आणि त्या फेरीचे वेगळे मानधन मिळायला हवे.